हिवाळ्याच्या रात्री बंद पडलेली मोटार लांबूनच पुन्हा चालू करायची तर

रात्रीचे दोन वाजलेत. रब्बीची रात्रपाळीची लाईट आहे, बाहेर हीव अंगाला टोचतंय, आणि शेतातली मोटार बंद पडल्याचा मेसेज मोबाईलवर आलाय. शेत चाळीस किलोमीटरवर. मोबाईल स्टार्टर बसवलेला आहे, म्हणजे एक कॉल केला की मोटार पुन्हा चालू. हात आपोआप कॉलच्या बटणाकडे जातो. तो कॉल कधी करायचा, कधी थांबून करायचा आणि कधी अजिबात करायचा नाही, हे मी एक मोटार जाळून शिकलो. तुमची जळू नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

थंडीत ही गोष्ट जास्त अंगावर येते. परभणीला कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि आजूबाजूच्या नदीकाठच्या, सखल रानात गारठा त्याहून जास्त जाणवतो. लाट आली की विद्यापीठाच्या हवामान सल्ल्यात एक ओळ हमखास असते: केळी, पपई, भाजीपाला, फळबागेला रात्री किंवा पहाटे हलकं पाणी द्या. त्यात तथ्य आहे. विहिरीचं, बोअरचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं. पहाटे पाइपाच्या तोंडाशी वाफ निघताना दिसते ती त्यामुळेच. शिवाय ओली माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा जास्त धरून ठेवते. म्हणजे ज्या रात्री मोटार सगळ्यात जास्त लागते, त्याच रात्री फीडरवरच्या, म्हणजे आपल्या भागाला लाईट देणाऱ्या लाईनवरच्या, सगळ्यांच्या मोटारी चालू असतात, व्होल्टेज पडलेलं असतं, स्टार्टरच्या डब्यात दव उतरलेलं असतं. मोटार बंद पडायची तीच रात्र.

आमची सव्वा एकर केळी वसमत तालुक्यात, बाकी हळद आणि हरभरा. मी परभणीत राहतो. पहिला मोबाईल स्टार्टर घेतला तेव्हा स्वस्तातला घेतला. कॉल केला की मोटार चालू, कॉल केला की बंद, आणि बंद पडली की ‘मोटार बंद झाली आहे’ असा निरोप. एवढंच. का बंद झाली, ते तो सांगत नव्हता. एका जानेवारीत रात्री दोनला निरोप आला. वाटलं, लाईटनं झटका दिला असेल. कॉल केला, चालू झाल्याचा आवाज आला, मिनिटभरात पुन्हा बंदचा निरोप. पुन्हा कॉल. असं चार वेळा केलं. पाचव्या वेळी मोटार चालू झाल्याचा निरोपच आला नाही.

सकाळी जाऊन डबा उघडला. कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटारीची लाईट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, मधल्या पॉइंटमध्ये पाल चिरडून कोळसा झाली होती. थंडीत पालीला, मुंग्यांना ऊब लागते, आणि कॉइलशेजारच्या जागेइतकी ऊब शेतात कुठेच नसते. रात्री दहाला मोटार सुरू होताना ती सापडली असणार. चार तास तो पॉइंट तापत राहिला आणि दोनच्या सुमारास मोटारीला लागणाऱ्या तीन फेजपैकी, म्हणजे लाईटच्या तीन तारांपैकी, एक पूर्ण तुटला. त्यानंतर मी केलेल्या प्रत्येक कॉलला मोटारीला दोनच फेज मिळत होते. ती फिरायची नाही, जागेवर गुरगुरायची, ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटार तोडणारा भाग) तापून तिला बंद करायचा, आणि रिले ‘ऑटो रिसेट’वर असल्यानं थंड झाला की पुन्हा तयार. मी पुन्हा कॉल. मोटारीच्या आतल्या तारा भरणाऱ्या वायंडिंगवाल्यानं मोटार उघडून दाखवली: दोन फेजच्या तारांचं प्लास्टिक वितळून तारा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, तिसऱ्या फेजची तार काल भरल्यासारखी कोरी. ‘एक फेज गेल्यावर चालवली की अशीच येते,’ तो म्हणाला. मोटार भरून यायला चार दिवस लागले. त्या चार रात्रींत केळीची कोवळी पानं पिवळी पडून करपली.

डबा घेताना काय बघायचं

मी तेव्हा व्होल्टेज बघणारा डबा घेतला होता, करंट बघणारा नाही. सगळा फरक इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

साधे सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटार तोडणारे डबे) आणि स्वस्त मोबाईल स्टार्टर डब्यात येणाऱ्या तीन वायरींवर व्होल्टेज आहे का एवढं तपासतात. डीपीवरचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडाला, तारेचा जोड तुटला, तर त्यांना कळतं. पण फेज डब्यापर्यंत नीट येऊन पुढे कॉन्टॅक्टरच्या पॉइंटमध्ये, केबलच्या जॉइंटमध्ये किंवा विहिरीतल्या केबलमध्ये तुटला, तर त्यांच्या लेखी सगळं ठीक असतं. करंट मोजणाऱ्या डब्यात मोटारीकडे जाणाऱ्या वायरी छोट्या गोल कॉइलमधून ओवलेल्या असतात. त्याला तिन्ही वायरींमधून खरोखर किती अँपिअर जातायत ते दिसतं, आणि एकीत शून्य दिसलं की तो लगेच मोटार तोडतो.

तेव्हा दुकानात एकच प्रश्न आधी विचारा: तिन्ही फेजचा करंट वेगवेगळा दाखवतो का? काही डब्यांत दोनच फेजवर कॉइल असते, तिसऱ्याचा हिशेब तो आपल्या मनानं करतो. तीन असलेला मिळाला तर तोच घ्या. दुसरी गोष्ट, बंद पडल्यावर कारण सांगतो का: लाईट गेली, फेज नाही, व्होल्टेज कमी, ओव्हरलोड, पाणी संपलं. मराठीत बोलणारे डबे सहज मिळतात, आणि घरात म्हातारी माणसं फोन घेणार असतील तर ते हवेच. तिसरी गोष्ट, लाईट नसतानाही डबा फोन उचलतो का, म्हणजे आत बॅटरी आहे का.

सिमचं म्हणाल तर डबा टू-जी आहे की फोर-जी हे आधी पाहा. टू-जी डब्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं टू-जी नेटवर्कच नाही. शेतात उभं राहून आपल्या फोनवर ज्या कंपनीची रेंज पूर्ण येते, तिचंच सिम टाका. ते सिम आधी साध्या फोनमध्ये घालून पिन लॉक काढा, कॉल फॉरवर्ड बंद करा, एक एसएमएस जातो-येतो का पाहा. रिचार्जची तारीख घरच्या कॅलेंडरवर मांडा. ऐन थंडीत डबा ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ गेला म्हणून लोक वायरमनला घेऊन जातात आणि निघतं काय, तर रिचार्ज संपलेलं.

बसवताना

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. जुना स्टार्टर काढायचा नसतो. मोबाईलचा डबा त्याच्या हिरव्या बटणाला समांतर आणि लाल बटणाच्या वायरीत मध्ये जोडला जातो, म्हणजे हातानंही मोटार पूर्वीसारखी चालू-बंद होते. साडेसात एचपी आणि वरच्या मोटारींना बहुधा स्टार-डेल्टा स्टार्टर असतो, म्हणजे मोटार आधी कमी जोरानं उठवून मग पूर्ण जोरावर नेणारा. तिथं ओव्हरलोड रिले मोटारीच्या वायंडिंगच्या वायरीत बसवलेला असेल तर त्याचं सेटिंग पूर्ण करंटच्या ५८ टक्के ठेवावं लागतं. हे चुकून पूर्ण करंटवर ठेवलेले रिले मी दोन ठिकाणी पाहिलेत. तसा रिले असून नसल्यासारखा.

जुन्या स्टार्टरच्या ओव्हरलोड रिलेवर हात-रिसेट आणि ऑटो-रिसेट अशी निवड असते. ती हातावर करा. माझी मोटार जळण्यात अर्धा वाटा त्या ऑटो-रिसेटचा होता. मोबाईल डब्याची ओव्हरलोड मर्यादा जरा खाली आणि रिलेची जरा वर ठेवली की रोजची राखण मोबाईल डबा करतो. तो चुकला तर मागे रिले उभा असतो, आणि रिले पडला की कुणीतरी जाऊन हातानं रिसेट दाबल्याशिवाय मोटार सुरूच होत नाही. रात्री दोनला हे गैरसोयीचं वाटेल. तसंच असायला पाहिजे.

थंडीचा आणखी एक बारकावा. साध्या ओव्हरलोड रिलेत दोन धातूंची पट्टी असते, ती करंटनं तापून वाकते आणि मोटार तोडते. ज्या रिलेत हवेच्या तापमानाची भरपाई नसते, त्याची पट्टी मे महिन्यात आधीच गरम असते, म्हणून लवकर पडते. जानेवारीच्या पहाटे ती गार असते, म्हणून उशिरा पडते. म्हणजे ऐन हिवाळ्यात जुना रिले मोटारीला जास्त वेळ भाजू देतो. मोबाईल डबा करंट आकड्यानं मोजतो, त्याला थंडी-उन्हाचा फरक पडत नाही. त्याच्या सेटिंगवर म्हणूनच जास्त लक्ष द्या.

अँटेना पत्र्याच्या पेटीच्या आत कोंबू नका, बाहेर काढा. पेटीची रिकामी छिद्रं एम-सीलनं बुजवा, वायरी आत जातात तिथं रबरी ग्लँड बसवा, आत डांबराच्या दोन-चार गोळ्या ठेवा. पालीचा बंदोबस्त एवढ्यात होतो. अर्थिंगची वायर पेटीला आणि मोटारीला दोन्हीकडे घट्ट आहे ना हे स्वतः ओढून पाहा. ती वायर म्हणजे ओल्या रानात अनवाणी पायानं पेटीला हात लावणाऱ्या माणसाचा जीव आहे.

आकडे कुठून आणायचे

सेटिंगचे आकडे शेजाऱ्याचे उचलू नका. आपल्या मोटारीचे काढा. एखाद्या दिवशी व्होल्टेज बरं असताना मोटार वीस मिनिटं चालू द्या, पाणी पूर्ण धारेनं येऊ द्या आणि डब्यावरचे तिन्ही करंट लिहून घ्या. आमची पाच एचपीची पाणबुडी मोटार साधारण ८.६ अँपिअर घेते. तिन्ही फेजमध्ये दहाव्या हिश्शाहून जास्त फरक असेल तर आधी वायरमन बोलवा, सेटिंग नंतर. ओव्हरलोड मी दहावर ठेवलंय, म्हणजे चालत्या करंटच्या पंधरा-सोळा टक्के वर. मोटारीच्या पाटीवरचा आकडा मात्र ओलांडायचा नाही. पाणी संपल्यावर पंप हलका फिरतो आणि करंट उतरतो, म्हणून कोरड्या चालण्याची मर्यादा चालत्या करंटच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास. आमची सहावर आहे. पाण्याची पातळी खाली गेलेल्या दिवशी हे एकदा प्रत्यक्ष तपासा.

व्होल्टेज कागदावर ४१५ असतं. रब्बीच्या रात्री फीडरच्या शेपटाला ते ३५० च्या आसपास सापडलं तरी लोक समाधान मानतात. खालची मर्यादा आमच्याकडे ३२० ठेवलीय. कुणी म्हणेल २८० ठेव, मोटार जास्त तास चालेल. चालेल, पण व्होल्टेज जितकं खाली तितका मोटारीचा करंट वर, आणि कॉन्टॅक्टर धड चिकटत नाही, कडकड वाजत पॉइंट खातो. ३२० च्या खाली मोटार थांबलेली बरी.

मग येतो लाईट आल्यावर किती वेळानं सुरू व्हायचं हा प्रश्न. ऑटो, म्हणजे लाईट येताच मोटार आपोआप उठणं, ठेवायचं असेल तर हा आकडा सगळ्यांनी मिळून ठरवायला हवा. पाच एचपीची मोटार सुरू होताना काही क्षण पाच-सहा पट करंट ओढते, म्हणजे पन्नासच्या जवळ. एका डीपीवर दहा मोटारी ऑटोवर असल्या आणि लाईट येताच सगळ्या एकदम उठल्या तर पाचशे अँपिअर मागतात, आणि ६३ केव्हीएच्या डीपीची पूर्ण क्षमता जेमतेम ८४ अँपिअर असते. फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जातो, मग ऐन गव्हाच्या पाण्यात आठ दिवस सगळे बसून. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर लावा असं महावितरण सांगत असतं ते याचमुळे. आमच्या डीपीवर आठ जण आहोत. पारावर बसून नंबर लावले. पहिल्याचा उशीर तीन मिनिटं, दुसऱ्याचा चार, असे आठव्याच्या दहापर्यंत. हे केल्यावर त्या हिवाळ्यात फ्यूज एकदाच उडाला. कपॅसिटरही लावा: तीन एचपीला एक केव्हीएआर (कपॅसिटरचं माप), पाचला दोन, साडेसातला तीन, दहाला चार.

पाणबुडीला या उशिराचा आणखी एक उपयोग आहे. मोटार थांबली की पाइपातलं पाणी खाली परत येतं, आणि पाणी परत येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असेल तर पंप उलटा फिरतो. तो उलटा फिरत असतानाच सुलटा दणका दिला तर शाफ्ट पिळतो. बंद आणि चालूमध्ये निदान दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, कारण कोणतंही असो.

रात्री मेसेज आला, आता

पहिला कॉल मोटार चालू करायचा नाही, स्थिती विचारायचा. बहुतेक डब्यांत कॉल लावून एखादा आकडा दाबला की तो लाईट, तिन्ही फेजचं व्होल्टेज, शेवटचं बंद पडण्याचं कारण सांगतो. एसएमएसनंही उत्तर येतं. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, तेव्हा पुस्तिकेतलं ते पान फोटो काढून फोनमध्ये ठेवा. झोपेत पुस्तिका सापडत नाही.

तो म्हणाला ‘लाईट नाही’, तर काही करायचं नाही. आल्यावर ऑटो असेल तर आपल्या नंबरानं उठेल, नसेल तर निरोप येईल तेव्हा कॉल करा.

‘व्होल्टेज कमी’ असेल तरी घाई नको. रात्रपाळीची लाईट आल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास सगळे तुटून पडलेले असतात. अर्ध्या तासानं स्थिती पुन्हा विचारा. तिन्ही फेज एकसारखे चढलेले दिसले तरच चालू करा. रात्रभर ३२० च्या खालीच राहिलं तर त्या रात्रीचं पाणी सोडून द्या.

‘एक फेज नाही’ म्हणाला, तर शेजाऱ्याच्या डब्याला विचारा. त्याच्याकडेही नसेल तर दोष डीपीवर किंवा लाईनवर आहे. महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा आणि झोपा. डीपीवरचा फ्यूज स्वतः टाकायला जाऊ नका, मुलाला पाठवू नका, सालगड्याला तर मुळीच नाही. मराठवाड्यात दर रब्बीला या एका कामापायी माणसं गेलीत, आणि रात्री दव पडलेल्या खांबाशी, गारठलेल्या बोटांनी ते काम करणं म्हणजे मरणाला हाक आहे. शेजाऱ्याचे तिन्ही फेज ठीक असले आणि फक्त तुमचा एक नाही, तर दोष तुमच्या सर्व्हिस वायरीत (खांबावरून तुमच्या पेटीपर्यंत येणारी वायर) किंवा किटकॅटमध्ये (पेटीतला हातानं काढता येणारा फ्यूज) आहे. तेही सकाळचं काम.

‘ओव्हरलोड’. इथे माझ्यासारखं करू नका. एकदाच, आणि तेही वीस मिनिटं थांबून, चालू करून पाहायची मुभा आहे. चालू केल्यावर दहा सेकंदांत स्थिती विचारा आणि तिन्ही करंट ऐका. तिन्ही सारखे आणि नेहमीचेच असतील तर मघाशी व्होल्टेजचा झोल होता, चालू राहू द्या, पण दर पंधरा मिनिटांनी ऐका. तिन्ही सारखे पण नेहमीपेक्षा बरेच वर असतील तर पंपात गाळ अडकलाय, बेअरिंग गेलंय, नाहीतर व्होल्टेज फार पडलंय, बंद करा. एक शून्य आणि बाकीचे दोन नेहमीपेक्षा कितीतरी वर असतील तर डब्यानं तोडायची वाट न पाहता लगेच बंद. ओव्हरलोडचा दुसरा निरोप आला की त्या रात्रीचा विषय संपला. एका रात्रीच्या पाण्याची किंमत वायंडिंगच्या पैशांशी आणि चार दिवसांशी लावून पाहा.

‘पाणी संपलं’ असं म्हणाला तर विहिरीला वेळ द्या. आपला भाग काळ्या पाषाणाचा. विहिरीत पाणी येतं ते खडकाच्या भेगांतून, झऱ्यांनी, हळूहळू. जानेवारी संपताना दोन तास उपसलेली विहीर भरायला चार-पाच तास घेते. डब्यात कोरडं पडल्यानंतर किती वेळानं पुन्हा सुरू करायचं याचं सेटिंग असतं. ते बोअरला निदान एक तास, विहिरीला आपापल्या झऱ्याच्या अंदाजानं ठेवा. दोन वेळा लागोपाठ कोरडं आलं तर मात्र फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाचा व्हॉल्व्ह) किंवा पाइपचा जॉइंट सुटला का, हे सकाळी बघा.

एक निरोप असा येतो की त्याकडे लोक दुर्लक्ष करतात: तिन्ही फेजचं व्होल्टेज ठणठणीत, चालू झाल्याचा निरोप आला, आणि करंट तिन्हींत शून्य. कॉन्टॅक्टर चिकटला नसेल, पण बहुतेकदा डबा आणि मोटार यांच्यामधली केबल गेलेली असते. आमच्या भागात केबलचोरी नवी नाही. अशा वेळी डबा बंद करा, आखाड्यावर कुणी असेल त्याला बॅटरी घेऊन लांबूनच बघायला सांगा, कारण कापलेल्या टोकात लाईट असू शकते. एकट्यानं अंधारात चोराच्या मागं जायचं नाही.

आणि डबा फोनच उचलत नसेल तर? आधी रिचार्ज, मग शेजारच्या शिवारातल्या फोनची रेंज, मग डब्याची बॅटरी. दोन-तीन हिवाळे झालेल्या बॅटरीचा जोर उरत नाही, लाईट गेली की पाच मिनिटांत डबा मुका होतो. ती बदलायला फार पैसे लागत नाहीत.

मोटार चालू झाली म्हणजे केळीला पाणी पोहोचलं, असं धरू नका. ठिबक असेल तर फिल्टर तुंबलेला असू शकतो, गारठ्यात कडक झालेला पीव्हीसीचा जॉइंट फुटून सगळं पाणी धुऱ्यावर जात असू शकतं. करंट नेहमीपेक्षा थोडा वर किंवा थोडा खाली, एवढ्यावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. आमच्या शेजारचे काका जागलीला असतात. मोटार सुरू केली की त्यांना एक फोन करतो, ‘काका, पाणी आलं का दंडात?’ ते बॅटरी मारून बघतात आणि सांगतात. त्यांची मोटार मी बघतो, आमचं पाणी ते.

शेतात कुणी आहे का

हा भाग छोटा आहे, पण मी सगळ्यात आधी छापला असता तरी चाललं असतं. फोननं मोटार बंद केली म्हणजे डबा मेला असं नसतं. ऑटोवर असेल तर लाईट येताच तो मोटार उठवतो, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नोंदवलेल्या फोनवरून कॉल गेला तरी उठवतो. विहिरीत कुणी फूटव्हॉल्व्ह काढायला उतरलेलं असेल, केबलचा जॉइंट उघडलेला असेल, तर तो एक कॉल जीव घेतो.

म्हणून मोटारीला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा, तिन्ही किटकॅट काढायचे आणि खिशात घालायचे. पेटीवर ठेवायचे नाहीत, खिशातच. मग ज्यांच्या फोनवर डबा नोंदलेला आहे त्या सगळ्यांना सांगायचं की काम चालू आहे. आमच्या घरी नंबर तीनच नोंदवलेत: माझा, अण्णांचा आणि भावाचा. हिवाळ्यात रात्री मोटार कोण हाताळणार हे संध्याकाळीच ठरतं, बाकीचे दोघे हात लावत नाहीत. अण्णा अजूनही दर वेळी विचारतात, ‘अरे, विहिरीवर कुणी नाही ना?’ रोजचा प्रश्न आहे, रोज विचारायचा.

दिवाळी झाली की

गव्हाची पेरणी होण्याआधी एक अर्धा दिवस द्या. वायरमनकडून पेटीतले सगळे नट कसून घ्या, कॉन्टॅक्टरचे पॉइंट उघडून बघा, खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, बदला. मेगरनं (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) मोटारीचं आणि केबलचं इन्सुलेशन तपासायला सांगा; एक मेगाओहमच्या खाली आलं तर पाण्यात काहीतरी झिरपतंय. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता. मग स्वतः उभं राहून मेन पाडा, दहा मिनिटांनी डब्याला फोन लावा, तो ‘लाईट नाही’ म्हणतो का ऐका. चालत्या मोटारीचे आकडे पुन्हा लिहा. डीपी दुरुस्त होऊन आला असेल तर फेज उलटे लागून मोटार उलटी फिरत नाही ना, धारेवरून पाहा.

ज्यांचा फीडर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीवर आलाय त्यांना लाईट दिवसा मिळते, त्यांची रात्रीची धास्ती बरीच कमी झालीय. डबा आणि ही तपासणी त्यांनाही तशीच लागू आहे. कारण ओव्हरलोड दिवसाही होतो आणि पाल दिवसाही डब्यातच असते.

आमच्या पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक वहीचं पान प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलंय. दर पंधरा दिवसांनी जो जाईल तो तारीख, तिन्ही व्होल्टेज आणि तिन्ही करंट लिहितो. शेवटची ओळ अण्णांच्या अक्षरात आहे: ३५८, ३५४, ३५६, ८.७, ८.६, ८.९, धार चांगली.